उत्तराखंडमधल्या रिकाम्या होत चाललेल्या गावांची रोड ट्रिप करावी का? वडिलांना नेता येईल का?

तुम्ही लिहिलंय, की पौडी गढवालमधल्या ‘भुतहा गावां’चे व्हिडिओ बघितले, चार-पाच दिवस हातात आहेत, वडील सत्तरीचे आहेत, तर गाडीने जावं का आणि तिथे बघण्यासारखं काय आहे.

जरूर जा, आणि वडिलांना नक्की न्या. मी दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये माझ्या बाबांना घेऊन जाऊन आले. त्यांना तेव्हा एकाहत्तरावं चालू होतं. ‘भुतहा’ हा शब्द मात्र पहिल्या दिवसानंतर माझ्या तोंडून निघेना. जिथे कोणीच राहत नाही असं सगळे सांगतात, तिथेही कोणीतरी काहीतरी राखत असतं. ते गाडीच्या काचेतून दिसत नाही. त्यासाठी उतरून दोन-चार तास थांबावं लागतं.

आधी रस्त्याचं सांगते. आम्ही हरिद्वारला भाड्याने गाडी घेतली आणि कोटद्वारवरून वर चढलो. कोटद्वारला मैदान एकदम संपतं. तिथून दुगड्डापर्यंत रस्ता खोह नदीला धरून जातो. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात, रस्ता खचतो, त्यामुळे जुलै ते सप्टेंबर अजिबात नको. ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला, हवा स्वच्छ असते आणि हिमशिखरं दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर बुरांश फुललेला मिळेल, डोंगरच्या डोंगर लाल. मे-जूनमध्ये चीडच्या, म्हणजे पाइनच्या जंगलांना वणवे लागतात, धुरात काही दिसत नाही. दुगड्ड्यानंतर गुमखाल, मग उतरून नयार नदीकाठचं सतपुली, पुढे ज्वाल्पादेवीचं मंदिर आणि शेवटी जवळजवळ १,८०० मीटर उंचीवरचं पौडी. कोटद्वार ते पौडी अंतर शंभर-एक किलोमीटरचं, पण त्याला एक अख्खा दिवस द्या. परतताना आम्ही पौडीहून देवप्रयागला उतरलो आणि गंगेच्या काठाने ऋषिकेशला आलो.

गाडी मीच चालवत होते. घाटाचा सराव नसेल तर कोटद्वारहून तिथलाच चालक घ्या, त्यात पैसे वाचवू नका. उतारावर ब्रेक दाबत बसायचं नाही, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायचाच. आपल्याकडे हॉर्न ऐकला की कपाळाला आठ्या पडतात, तिकडे तो निरोप असतो. शेअरिंगच्या जीपवाल्यांची तर गावागावाची पद्धत ठरलेली. रस्त्यावरून दोनदा वाजवला की वरच्या वस्तीतलं कोणीतरी गॅसचा सिलिंडर किंवा पिशवी घ्यायला खाली येतं. दरीत आवाज फार लांब जातो. हे मी उगाच सांगत नाहीये, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

गावं रिकामी का झाली याबद्दल थोडं वाचून गेलात तर डोळे वेगळे होतात. ९ नोव्हेंबर २००० ला हे राज्य वेगळं झालं, तेच मुळी डोंगराळ भागाकडे कोणी बघत नाही म्हणून. त्यानंतर दहा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, पौडी आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. २०१७ मध्ये सरकारने चक्क पलायन आयोग, म्हणजे स्थलांतराचा अभ्यास करणारा आयोग नेमला. २०१८ च्या त्याच्या अहवालात म्हटलंय, की २०११ नंतर ७३४ गावं निर्मनुष्य झाली आणि दहा वर्षांत १,१८,९८१ माणसं कायमची गाव सोडून गेली. कारणांत निम्मा वाटा रोजगाराचा. मग शाळा आणि दवाखाना.

पण माणसं बाहेर जाणं तिथे नवीन नाही. लॅन्सडाउनला गढवाल रायफल्सचं केंद्र आहे. १८८७ पासून या डोंगरांतली मुलं फौजेत जातायत. पुढे दिल्लीच्या हॉटेलांत, कारखान्यांत गेली. देशाचे पहिले सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख बिपिन रावत पौडी जिल्ह्यातल्याच गावचे. तेव्हा एकटा पुरुष जायचा, घर मागे राहायचं, महिन्याला मनीऑर्डर यायची आणि बाई शेत, गुरं, सासू-सासरे सगळं ओढायची. आता मुलांच्या शाळेसाठी बाईसुद्धा मुलांना घेऊन कोटद्वारला किंवा देहरादूनला खोली करते. गाव रिकामं होतं ते इथे. तिने का राहावं, हा प्रश्न मला तिथल्या बायकांचे हात बघितल्यावर विचारावासाच वाटला नाही. एक शेत घराजवळ, दुसरं तासभर उतरून, तिसरं पलीकडच्या धारेवर. पाणी पावसाचं. पेरलेलं निम्मं रानडुकरं आणि माकडं नेणार.

सतपुली सोडल्यावर मुख्य रस्त्याला बरेच फाटे फुटतात. आम्ही कोणता घेतला आणि कुठल्या गावांत गेलो, ते मी मुद्दाम लिहीत नाही. बंद घरं आणि एकटी राहणारी माणसं यांचा पत्ता असा उघड्यावर टाकू नये. तुम्हीही टाकू नका.

पहिल्या गावात खरोखर कोणी नव्हतं. मी नऊ घरं मोजली. दगडी, दुमजली, खाली गुरांचा ओबरा, वर राहायची जागा, छपरावर पठाल, म्हणजे दगडाच्या पातळ लाद्या. एका घराला कोरीव खांबांची लाकडी तिबारी, म्हणजे वरच्या मजल्याची ओसरी होती आणि दाराच्या चौकटीवर मधोमध गणपती. अंगणात दगडात कोरलेलं उखळ, त्यात पावसाचं पाणी साचून शेवाळलेलं. मला वाटलं होतं पडझड बघून पोटात कालवेल. पण आधी नजर गेली ती कुलपांवर. छप्पर कोसळलंय, भिंतीला एवढं भगदाड पडलंय की त्यातून म्हैस आत जाईल, आणि दाराला मात्र कुलूप. काही कुलपांवर प्लास्टिकची पिशवी चढवून दोऱ्याने बांधलेली, पावसाने गंजू नयेत म्हणून. बाबा एका दारापाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “याला तेल दिलंय गं कोणीतरी.” वाकून बघितलं तर किल्लीच्या भोकाभोवती तेलाचा ओला काळा डाग.

नऊ घरांच्या ओसाड गावात कोणीतरी येऊन एका कुलपाला तेल घालून गेलं होतं. आम्ही तिथे फारसं बोललो नाही. शेतांच्या पायऱ्यांमध्ये घाणेरी कमरेएवढी माजली होती. ओबऱ्यांत कंडाली, अंगाला लागली की आग होणारी. गुरं बांधलेल्या जमिनीत ती सगळ्यात जोमाने वाढते, त्यामुळे गोठा कुठे होता ते छप्पर गेल्यावरही कळतं.

दुसऱ्या दिवशीचं गाव रस्त्यापासून चाळीस मिनिटं चढावर. बाबा काठी घेऊन, दर दहा मिनिटांनी बसत चढले. बांजाच्या, म्हणजे ओकच्या झाडांच्या सावलीतून वाट होती, चालायला सोपी. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं, की ही वाट कोणीतरी झाडतं. दोन्ही बाजूंना सुकी पानं लोटलेली, मध्ये माती स्वच्छ, आणि पाण्याच्या धाऱ्याकडे जाणाऱ्या फाट्यावर निसरडे दगड राखेने घासलेले.

वस्तीत पाऊल टाकलं आणि वरून आवाज आला, “कोणाच्या घरी आलात?”

चौदा घरांचं गाव, त्यातली बारा बंद. उरलेल्या दोनांपैकी एकातले म्हातारे गृहस्थ डोळ्यांच्या ऑपरेशनला लेकीकडे कोटद्वारला गेलेले. म्हणजे त्या आठवड्यात त्या बाई पूर्ण गावात एकट्या. आणि प्रश्न काय, तर कोणाच्या घरी आलात! त्यांच्या लेखी ती चौदाही घरं कोणाची तरी होती आणि पाहुणा त्यातल्या एका घरी आलेला असणार. मी खरं ते सांगितलं, की कोणाच्याच नाही, गाव बघायला आलोय. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग माझ्या घरी आलात.”

त्यांना बोडी म्हणायचं, हे मला सतपुलीच्या दुकानदाराने शिकवलं होतं. गढवालीत मोठ्या काकूला बोडी. बाबांना त्या भैजी म्हणाल्या, मला बेटी. बोलणं हिंदी-गढवाली मिसळून होतं, मी मराठीत लिहितेय. चहाबरोबर भाजलेला गहत दिला. गहत म्हणजे आपले कुळीथ. मंडुवा म्हणजे नाचणी, झंगोरा वरीसारखा. त्यांच्या परसात या तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या होत्या, डुकरांनी ठेवलेल्या तेवढ्या.

चहा झाल्यावर त्यांनी कमरेचा जुडगा काढून पुढ्यात ठेवला. सात किल्ल्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाच्या कापडाची चिंधी बांधलेली, कारण बोडींना वाचता येत नाही. निळी धाकट्या दिराची, तो देहरादूनला. पिवळी मास्तरांची, ते वारले, मुलं दिल्लीला. लाल-पांढरी फौजीची. सात घरांनी जाताना किल्ली त्यांच्याकडे दिली होती, बाकीच्यांनी आपल्याबरोबर नेली. “ज्यांनी नेली, त्यांची छपरं गेली,” त्या म्हणाल्या. मला वाटलं त्या रागाने बोलतायत. पण त्या मला घर कसं टिकतं ते समजावून सांगत होत्या.

पठालचं छप्पर लाकडी वाशांवर तोललेलं असतं. खाली रोज चूल पेटते, धूर वर जातो, वासे कोरडे राहतात, त्यांना कीड लागत नाही. माणूस गेलं की चूल बंद. दोन-तीन पावसाळ्यांत वासा कुजतो, एक लादी सरकते, तिथून पाणी शिरतं. मग एका रात्रीत सगळं खाली. दगडी भिंती तशाच उभ्या राहतात, घर वरून मरतं. म्हणून बोडी पावसाळ्यात आळीपाळीने सात घरांत चूल पेटवतात. आज निळीच्या घरात, चार दिवसांनी पिवळीच्या. ओली लाकडं मुद्दाम घालायची, धूर जास्त व्हावा म्हणून. त्यांनी आम्हाला दोन घरं उघडून दाखवली. आत भांडी मांडणीत पालथी, खुंटीला फौजी कोट, भिंतीवर कधीचं तरी कॅलेंडर आणि चुलीत ताजी राख. मी फोटो काढला नाही. मालकाला विचारल्याशिवाय कसा काढायचा? बोडींनी परवानगी दिली असती, पण घर त्यांचं नव्हतं आणि ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी त्या तीन घरांच्या ओसरीतले दिवे लावतात. वीज आहे, मीटर चालू आहेत. “बिल ते भरतात, बटण मी दाबते.” एक कारण गुलदार, म्हणजे बिबट्या. अंधाऱ्या, झाडी माजलेल्या वस्तीत तो अंगणापर्यंत येतो. दुसरं कारण त्यांनी समोरच्या डोंगराकडे बोट करून सांगितलं. पलीकडे एक वस्ती आहे, तिथे अजून पाच-सहा घरं नांदती आहेत. त्यांना इकडे तीन दिवे दिसले की कळतं, गाव आहे. त्या महिन्यात मात्र दोनच लागत होते. टोकाच्या, मास्तरांच्या घरातला दिवा बंद पडला होता, नवा बल्ब आणूनही लागत नव्हता.

बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. ते उठलेच. आधी मेन स्विच बंद केला, मग स्टुलावर चढून होल्डर बघितला. आतल्या दोन पिना गंजून आत रुतून बसल्या होत्या, बल्बला टेकतच नव्हत्या. त्यांनी सुरीच्या टोकाने त्या मोकळ्या केल्या, घासून साफ केल्या, बल्ब बसवला. दिवसाउजेडी तो पिवळट पेटलेला बल्ब बोडी हात जोडून बघत होत्या. बाबा म्हणाले, “ताई, पुढच्या वेळी होल्डर बदलून टाका, हा फार दिवस काढणार नाही.” पुढच्या वेळी हे त्यांनी कसं गृहीत धरलं कोण जाणे, पण बोडींनी मान डोलावली.

बोडींचा मुलगा फरीदाबादला असतो, सून चांगली आहे, दोन महिने राहूनही आल्या. मग परत का आलात, असं मी विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं, “तिथेही घराला किल्ली आहे. ती मुलाच्या खिशात असते.”

जूनमध्ये देवतेची पूजा असते, तेव्हा दिल्लीहून, देहरादूनहून सगळी येतात. ज्यांची छपरं गेलीत ती भावकीच्या घरात दाटीवाटीने राहतात. तेव्हा बोडी एकेकाच्या हातात किल्ली देतात आणि जाताना परत मोजून घेतात. गेल्या जूनला एका नातवाने विचारलं, की आजी, आमच्या घराची किल्ली तुझ्याकडे का? बोडींनी त्याला ती हातात देऊन स्वतः कुलूप उघडायला लावलं. उघडेना, उलटी फिरवत होता. ही गोष्ट सांगताना त्या खूप हसल्या आणि मग उठून धाऱ्यावर गेल्या. बऱ्याच वेळाने घागर भरून आल्या.

तुमच्या ट्रिपसाठी माझ्याकडून एवढंच सांगणं, की रोज एकच गाव ठेवा. एका दिवसात पाच ‘घोस्ट व्हिलेज’ असा बेत आखलात तर पाच वेळा तीच मोडकी भिंत दिसेल. मुक्काम पौडीला किंवा खिर्सूला करा, किंवा कोणाच्या घरगुती होमस्टेमध्ये. २०२० मध्ये टाळेबंदीत परत आलेल्या काहींनी गावातच राहून ते सुरू केलेत, चार पैसे तिथे गेलेले बरे. कुठल्याही वस्तीत शिरताना लांबून हाक द्या. बंद दाराला हात लावू नका, पडक्या घरात तर मुळीच शिरू नका, पठाल कधी सरकेल सांगता येत नाही. काही न्यायचंच असेल तर कपडे आणि बिस्किटांचे पुडे नकोत. आधी विचारा. बोडींना हवे होते ते बल्ब आणि विजेरीचे सेल. कोटद्वार, सतपुली, पौडी इथे पेट्रोल भरून घ्या. आणि उजेड असतानाच गाडीपाशी परत या, हे वडिलांसाठीच नव्हे, तुमच्यासाठीही.

तुमच्या वडिलांना चढ झेपेल का, याची तुम्हाला काळजी असेल. रस्त्यालगतचीही गावं आहेत, तिथे चढावं लागत नाही. पण मला अनुभव आला तो असा, की वाटेत म्हातारं माणूस बरोबर होतं म्हणून दारं उघडली. मी एकटी कॅमेरा घेऊन गेले असते तर बोडींनी पाणी दिलं असतं, जुडगा काढला नसता.

निघताना त्यांनी एका पुडीत गहत बांधून दिला. पैसे घेतले नाहीत, बाबांनी बळेच ठेवले ते त्यांनी देवाच्या कोनाड्यात ठेवले. म्हणाल्या, “खाली पोचलात की दोनदा हॉर्न वाजवा. नाहीतर मी रात्रभर म्हणत बसेन की भैजी पोचले की नाही.”

उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. गाडीपाशी आलो तेव्हा दरीत अंधारून आलं होतं, वरच्या कड्यावर तेवढी लाली होती. बाबा धापा टाकत दगडावर बसले. मी दार उघडून दोनदा हॉर्न वाजवला. आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला, मग सगळं शांत. आम्ही वर बघत उभे राहिलो. आधी एक दिवा लागला. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी दुसरा. मग बराच वेळ काही नाही. बोडींना वस्तीच्या त्या टोकाला चालत जायचं होतं. बाबा उठून उभे राहिले होते. पाचएक मिनिटांनी अगदी कडेला, बांजाच्या झाडीतून, तिसरा लागला.